सत्तावीस मणके आणि पन्नास फूट: वासुकी सापाची लांबी कशी काढली?

प्रश्न असा आहे: "कच्छमध्ये सापडलेला वासुकी हा साप ५० फूट लांब होता असं सगळीकडे वाचलं. पण त्याचे फक्त २७ मणके मिळालेत. कवटी नाही, पूर्ण सांगाडा नाही. मग लांबी कशी काढली? याला काही आधार आहे की फुगवून सांगितलंय? तो टायटॅनोबोआपेक्षा मोठा होता का? आणि पुराणातल्या वासुकीशी याचा काही संबंध आहे का?"

आधी थेट उत्तर देतो. शोधनिबंधात लांबी दिली आहे ती १०.९ ते १५.२ मीटर, म्हणजे साधारण ३६ ते ५० फूट. बातम्यांनी त्यातलं वरचं टोक उचललं आणि तेवढंच छापलं. अंदाजाला आधार आहे, चांगला आहे, पण तो सबंध पट्ट्याला आहे, एकट्या पन्नास फुटांना नाही. वासुकीवरचं संशोधन माझं नाही. मी पंचवीस वर्षं पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म साफ करणं, जोडणं आणि मोजणं हे काम करतोय आणि त्यात सापांचे मणके पुष्कळ हाताळलेत. त्या अनुभवावरून हा हिशेब कसा मांडतात ते सांगतो.

मणके सापडले कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत, २००५ साली. आयआयटी रुडकीचे सुनील बाजपेयी यांनी ते गोळा केले. तेव्हा ते मगरीचे वाटले आणि बाजूला ठेवले गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी देबजीत दत्ता यांनी बाजपेयींबरोबर ते नीट साफ करून अभ्यासायला घेतले, तेव्हा हा साप आहे हे लक्षात आलं. एप्रिल २०२४ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये निबंध आला आणि नाव ठरलं वासुकी इंडिकस. ज्या थरात मणके होते त्याचं वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं. डायनोसॉर संपून तोवर जवळजवळ दोन कोटी वर्षं झाली होती.

मगर समजून ठेवून दिले, हे ऐकून काहींना हसू येतं. मला येत नाही. साप आणि आजच्या मगरी, दोघांच्या मणक्यांचा मुख्य सांधा एकाच घाटाचा असतो: पुढच्या बाजूला वाटीसारखा खळगा, मागच्या बाजूला गोळा. एका मणक्याचा गोळा त्याच्या मागच्या मणक्याच्या वाटीत बसतो, आपल्या खांद्यातल्या उखळीच्या सांध्यासारखा. खाणीतून आलेला मणका काळ्या चिकट मातीत माखलेला असतो, त्याची टोकं तुटलेली असतात, आणि दिसतो तो फक्त हा गोळा. त्यात आकार मुठीएवढा. एवढा मोठा गोळेवाला मणका बघून कुणाच्याही डोक्यात आधी मगरच येईल.

उलगडा होतो तो मणका साफ झाल्यावर. सापाच्या मणक्याच्या वरच्या भागात, मज्जारज्जूच्या नळीच्या छतावर, पुढे एक पाचर असते आणि मागे त्या पाचरीच्या मापाची खाच. सुताराने दोन लाकडं सांधताना करावी तशी ही रचना आहे. पुढच्या मणक्याच्या खाचेत मागच्याची पाचर सरकते. शिवाय दोन्ही बाजूंना पंखांसारखे सपाट सांधे असतात, म्हणजे मधला गोळा, बाजूचे दोन पंख आणि पाचरीच्या दोन कडा मिळून दोन मणक्यांमध्ये पाच ठिकाणी जोड. साप इतका वळतो तरी त्याचा कणा पिळला जाऊन निसटत नाही, तो या पाचरीमुळे. मगरीला ही पाचर नसते. मगरीच्या धडाच्या मणक्याला बाजूला लांब आडवे दांडे फुटलेले असतात, सापाला ते नसतात. सापाची बरगडी मणक्याच्या अंगालाच, खालच्या कडेला टेकते. आणि अजगरासारख्या जाड सापाचा मणका लांबीपेक्षा रुंद असतो. वासुकीचे मणके ३७.५ ते ६२.७ मिलिमीटर लांब आणि ६२.४ ते १११.४ मिलिमीटर रुंद आहेत. सर्वांत रुंद मणका अकरा सेंटिमीटर भरतो, म्हणजे तळहात झाकला जाईल.

मी नवीन विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी आजच्या अजगराचे दोन लागोपाठचे मणके देतो आणि डोळे मिटून जोडायला सांगतो. आधी ते गोळा वाटीत घालून दाबत बसतात, आणि मणके गळून पडतात. मग बोटांना पाचर लागते, ते मणका किंचित तिरका करून सरकवतात, आणि जोड एकदम घट्ट होतो. सोडला तरी सुटत नाही. एकदा बोटांना हे कळलं की पुन्हा मगर आणि साप यांत गल्लत होत नाही. पण त्यासाठी ती पाचर आणि खाच खडकातून मोकळी व्हायला हवी. सुई, बारीक ब्रश आणि सूक्ष्मदर्शक घेऊन एका मणक्यावर आठवडा जाऊ शकतो. लिग्नाइटमधल्या हाडांचं तर आणखी एक दुखणं असतं. त्यांच्यात बऱ्याचदा पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं, ते हवेतल्या दमटपणाने कुजतं, फुगतं आणि हाड आतून फोडतं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं हाड एक दिवस भुकटी झालेलं सापडतं, हे मी पाहिलंय. म्हणून वासुकीचे मणके इतक्या वर्षांनी मोजण्याजोगे राहिले याचा मला मनापासून आनंद आहे.

ही गल्लत वासुकीचीच नाही. कोलंबियातल्या सेरेहोन कोळसा खाणीतून टायटॅनोबोआ या दुसऱ्या अवाढव्य नामशेष सापाचे मणके आले तेव्हा त्यांच्यावरही मगर अशीच चिठ्ठी होती. आणि गुजरातमधल्या धोली डुंगरीचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे. तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना डायनोसॉरची अंडी आणि पिल्लाची हाडं मिळाली, १९८७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. २००१ मध्ये अमेरिकेतले जेफ विल्सन तो दगड बघत होते. पिल्लाच्या हाडांमध्ये त्यांना काही मणके दिसले, त्यांना पाचर होती. ते पिल्लाचे नव्हतेच, सापाचे होते. एक साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि त्याच स्थितीत सगळे गाडले गेलेले. २०१० मध्ये त्या सापाला नाव मिळालं सनाजे इंडिकस. लांबी साडेतीन मीटर, वय सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षं. तिन्ही वेळा साप हातात होता, फक्त ओळखला गेला नव्हता.

आता हा साप नुसता साप नसून कोणत्या घराण्यातला, हे कसं ठरलं? पुन्हा मणक्यावरूनच. मॅडसोइडी नावाचं एक नामशेष कुळ आहे. त्यांच्या मणक्यात मागच्या खाचेच्या दोन्ही अंगांना रक्तवाहिन्यांसाठीची बारीक भोकं असतात, आणि पुढच्या पंखांना आजच्या अजगराला असतो तसा टोकदार काटा नसतो. वासुकी या कुळातला. हे कुळ फार चिवट निघालं. डायनोसॉरांच्या काळात ते होतं, आणि त्यातला ऑस्ट्रेलियातला वोनांबी अवघ्या पन्नासेक हजार वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे माणूस पृथ्वीवर असताना, जिवंत होता. दक्षिण अमेरिका, मादागास्कर, आफ्रिका, भारत, युरोप असा त्यांचा पसारा. महाराष्ट्रातही ते होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा इथे मिळालेल्या मणक्यांवरून २०११ मध्ये मॅडसोइया पिसदुरेन्सिस ही जात नोंदली गेली. वासुकीच्या निबंधात तिची तुलना आहे, कारण नात्याने ती जवळची ठरते. इजिप्तचा जायगँटोफिस हा दुसरा जवळचा. त्यावरून लेखकांचं म्हणणं असं की मोठ्या मॅडसोइड सापांची ही शाखा भारतात उगम पावली आणि भारत आशियाला धडकल्यावर युरेशियाच्या दक्षिण काठाने आफ्रिकेत पोहोचली. मला हे पटण्यासारखं वाटतं, पण याची भिस्त मोजक्या मणक्यांवर आहे. उद्या वाटेवरच्या एखाद्या देशात नवा साप सापडला की चित्र बदलू शकतं.

आता लांबी. तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सापाला मणके किती? जातीप्रमाणे दोनशे ते चारशे. आजच्या मोठ्या अजगर-बोआंमध्ये (बोआ म्हणजे ॲनाकोंडाच्या गटातले साप) शेपटी सोडून साधारण अडीचशे-तीनशेच्या घरात. वासुकीचा एक मणका सरासरी पाच सेंटिमीटर धरा. अडीचशे मणके असतील तर साडेबारा मीटर. तीनशे असतील तर पंधरा. हा अगदी कच्चा हिशेब झाला, कारण शेपटीकडचे आणि मानेकडचे मणके बारीक असतात, आणि वासुकीला मणके किती होते हे मोजायला पूर्ण साप मिळालेला नाही. पण एक गोष्ट यातूनही कळते: नुसती मणक्यांची संख्या इकडेतिकडे झाली की लांबी अडीच मीटरने हलते.

म्हणून प्रत्यक्षात वेगळा मार्ग घेतात. आज जिवंत असलेल्या अजगर आणि बोआंच्या शेकडो मणक्यांची रुंदी मोजायची, त्या त्या सापाची लांबी माहीत असते, दोन्हींचं नातं आलेखावर मांडायचं आणि त्यातून समीकरण काढायचं. मग जीवाश्माची रुंदी त्या समीकरणात घालायची. रुंदी कुठे मोजायची, पुढच्या पंखांपाशी की मागच्या, यावर समीकरण बदलतं. वासुकीच्या बाबतीत हेच झालं. एका पद्धतीने आकडे अकरा-बारा मीटरच्या आसपास येतात, दुसरीने साडेचौदा-पंधराच्या. निबंधातला तो पट्टा हा या दोन पद्धतींचा मिळून आहे. पंधरा मीटर म्हणणारा आणि अकरा मीटर म्हणणारा, दोघांच्या हातात तेच मणके आहेत.

आणखी एक अडचण जागेची. सापाच्या कण्यात सर्वांत मोठे मणके धडाच्या मध्याच्या जरा मागे असतात. मी एक प्रयोग नेहमी करतो. एका अजगराचे सगळे मणके खोक्यात मिसळायचे, प्रत्येक विद्यार्थ्याला तीन उचलायला सांगायचे आणि लांबी काढायला लावायची. ज्याच्या हाती मानेजवळचे आले त्याचा साप आखूड निघतो, मधले आले त्याचा बरोबर. साप एकच. गेल्या खेपेला एका मुलीने तिन्ही मणके उलटसुलट करून पाहिले, खालच्या बाजूची उभी धार आणि नळीचा आकार बघितला, आणि म्हणाली, "सर, हे दोन मानेचे आहेत, यांच्यावरून लांबी काढणार नाही. या तिसऱ्यावरून काढते." तिचा आकडा खऱ्या लांबीच्या सगळ्यांत जवळ होता. वासुकीचे मणके धडाचे आहेत, काही तर एकमेकांना जोडलेल्या स्थितीतच मिळाले, त्यामुळे इथे हा धोका बराच कमी आहे. ते पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे आहेत हेही समजतं. पिल्लाच्या मणक्यात मज्जारज्जूची नळी हाडाच्या मानाने फार मोठी दिसते, प्रौढात भोवतीचं हाड जाड होत जातं आणि नळी लहान दिसू लागते.

तरी एक शंका उरते आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. समीकरण बनलं आजच्या सापांवर. त्यातला सर्वांत लांब म्हणजे जाळीदार अजगर, खात्रीच्या मोजमापात सात-पावणेआठ मीटर. तिथे आपले आकडे संपतात. पुढची रेघ आपण तशीच लांबवतो, अकरावर नेतो, पंधरावर नेतो. शिवाय मॅडसोइड साप हे अजगर नव्हेत. त्यांचा मणका लांबीच्या मानाने जास्त रुंद असेल तर आपलं समीकरण त्यांना उगाच लांब ठरवेल.

ही नुसती भीती नाही. इजिप्तच्या फायूममधला जायगँटोफिस १९०१ साली नोंदला गेला. तो नऊ-दहा मीटरचा होता असं मानलं जाई आणि टायटॅनोबोआ येईपर्यंत जगातला सर्वांत मोठा साप हा मान त्याचाच होता. २०१७ मध्ये त्याचे मणके नव्याने मोजले गेले आणि लांबी निघाली ६.९ मीटर. म्हणजे आजच्या अजगराएवढाच. वासुकीच्या लेखकांनी आकडा एकच न देता पट्टा दिला आणि तो जपून वाचा असं बजावलं, त्यामागे हा इतिहास आहे.

मग टायटॅनोबोआशी तुलना? टायटॅनोबोआ ५ कोटी ८० लाख ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा. २००९ च्या निबंधात त्याची लांबी सुमारे १२.८ मीटर आणि वजन सुमारे ११३५ किलो दिलं आहे. मणक्यांच्या आकारात वासुकीचा नंबर त्याच्या मागे लागतो. वासुकीच्या पट्ट्याचं वरचं टोक टायटॅनोबोआच्या पुढे जातं, खालचं टोक मागे राहतं. त्यामुळे 'जगातला सर्वांत मोठा साप भारतात' असं लिहिणं बरोबर नाही. 'आजवर माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या सापांपैकी एक, आणि मॅडसोइडी कुळातला सर्वांत मोठा' हे बिनधास्त लिहा, त्याला आधार आहे.

वजनाचे जे आकडे फिरतात त्यांच्यापासून तर लांबच राहा. वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. अंगाची ठेवण तीच ठेवून १०.९ मीटरचा साप १५.२ मीटरचा केला तर लांबी दीडपटीच्याही आत वाढते, पण वजन पावणेतीनपट होतं. लांबीतली एवढीशी अनिश्चितता वजनात किती फुगते ते बघा.

तो जगत कसा होता, याबद्दल मणके थोडंफार सांगतात. बरगड्या जिथे टेकतात त्या जागांच्या ठेवणीवरून अंग रुंद आणि गोलसर होतं असं दिसतं. पाण्यातच राहणाऱ्या सापांचं शरीर बाजूंनी चपटं असतं, तसं हे नाही. आणि एवढं अंग घेऊन कुणी झाडावर राहत नाही. म्हणून लेखकांनी तो सावकाश हलणारा, दबा धरून बसणारा, भक्ष्याला आवळून मारणारा असावा असं म्हटलंय, आजच्या ॲनाकोंडासारखा. जागाही त्याला साजेशी होती. आज पानंध्रोला उन्हाने तडकलेली जमीन आहे, पण त्या काळी तिथे समुद्राकाठची दलदल होती. लिग्नाइट म्हणजे त्याच दलदलीतल्या झाडाझुडपांचा दबलेला गाळ. त्याच परिसरात मासे, कासवं, मगरी आणि आद्य व्हेलचे जीवाश्म मिळतात. हे व्हेल तेव्हा नुकतेच जमिनीवरून पाण्यात उतरत होते, त्यांना पाय होते. वासुकी त्यांना खात होता का? खाऊ शकला असता. सनाजेच्या वेळी साप, अंडं आणि पिल्लू एका दगडात गोठलेले मिळाले, तसा पुरावा इथे नाही.

साप थंड रक्ताचा. त्याच्या शरीराचं यंत्र बाहेरच्या उष्णतेवर चालतं, म्हणून अवाढव्य साप उष्ण प्रदेशातच होतात. या नात्यावरून उलटा हिशेब करून टायटॅनोबोआच्या काळचं सरासरी तापमान ३० ते ३४ अंश आणि वासुकीच्या काळचं सुमारे २८ अंश सेल्सिअस काढलं गेलं. या पद्धतीवर आक्षेप घेतले गेलेत, आणि मीही सापाला थर्मामीटर मानायला कचरतो. लांबीतली चूक इथे तापमानात उतरते.

आता नावाचं. वासुकी म्हणजे शंकराच्या गळ्यातला नागराज, समुद्रमंथनात मंदार पर्वताला दोरासारखा गुंडाळलेला. नवीन प्राण्याला नाव देण्याचा हक्क त्याचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध करणाऱ्याचा असतो आणि बाजपेयी-दत्तांनी आपल्या परंपरेतलं सर्वांत भव्य सर्पनाम निवडलं. मला ते फार आवडलं. पण संबंध तेवढाच. हा साप आणि पहिला माणूस यांच्यामध्ये चार कोटींहून जास्त वर्षं आहेत, त्यामुळे त्याला पाहिलेल्या कुणाच्या आठवणीतून कथा आली असं होऊ शकत नाही. पुराणातल्या वासुकीला या हाडांच्या पुराव्याची गरज नाही, आणि या हाडांना कथेची नाही.

शेवटी, मला अनेकजण विचारतात की आणखी काय सापडलं तर हा वाद मिटेल. बहुतेकांना कवटी हवी असते. कवटी मिळाली तर खाणं कळेल, कारण दात आणि जबडा त्याबद्दल बोलतात. टायटॅनोबोआच्या कवटीचे तुकडे नंतर मिळाले तेव्हा तो मासे खाणारा असावा असं दिसलं. पण सापाची कवटी सुट्या नाजूक हाडांची असते, मेल्यावर लगेच विखुरते, म्हणून ती क्वचितच मिळते. लांबीसाठी मी कवटी मागणार नाही. मला त्याच कुळातल्या एखाद्या सापाचा, लहान का असेना, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत न तुटलेला कणा हवा आहे. त्यातले मणके एकदा मोजून झाले आणि प्रत्येकाची रुंदी लिहून झाली की अजगराचं समीकरण उसनं घ्यावं लागणार नाही. मग पानंध्रोचे ते २७ मणके पुन्हा टेबलावर काढायचे, व्हर्नियर घ्यायचा आणि पहिल्यापासून हिशेब मांडायचा.